एक लेबल, दोन बाटल्या : टोल्युइनच्या ब्रोमीकरणाचे एक प्रकरण

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ऑक्टोबरमधल्या एका दुपारी, तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनी एकाच बाटलीतले टोल्युइन आणि एकाच कुपीतले ब्रोमीन घेऊन एकच प्रयोग केला. दोन्ही तुकड्यांच्या शंकुपात्रांतला ब्रोमीनचा तांबूस तपकिरी रंग गेला, दोन्हींच्या तोंडाशी धरलेला ओला निळा लिटमस तांबडा झाला, दोन्ही द्रव धुऊन आणि सुकवून सारख्याच तपकिरी बाटल्यांत भरले गेले आणि दोन्ही बाटल्यांवर एकाच मुलीच्या नेटक्या अक्षरात ‘ब्रोमोटोल्युइन’ असे लेबल लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या एका बाटलीचे बूच काढताच टेबलापाशी उभ्या असलेल्या चौघांच्या डोळ्यांना धार लागली. दुसरी बाटली तासभर उघडी राहिली, तरी कोणाला काही झाले नाही.

त्या दोन्ही तुकड्या माझ्याकडे होत्या. इजा कोणालाही झाली नाही. नळाच्या वाहत्या पाण्याने डोळे धुतल्यावर अर्ध्या तासात सगळे पूर्ववत झाले. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण ॲरोमॅटिक, म्हणजे बेन्झीनचे वलय असलेल्या, हायड्रोकार्बनांची रचना, त्यांची नावे आणि त्यांच्या अभिक्रिया हे तीन विषय आपण वर्गात तीन निरनिराळ्या तासांना शिकवतो आणि त्या दोन बाटल्यांत मात्र ते एकमेकांत इतके गुंतले होते की एकाचा उलगडा दुसऱ्यावाचून होईना.

करायचे काय होते

प्रयोग तसा साधा होता. टोल्युइन म्हणजे बेन्झीनच्या वलयातील एका हायड्रोजनच्या जागी मिथाइल गट बसलेले संयुग. लोखंडाच्या किसाच्या सान्निध्यात, अंधारात आणि थंड ठेवून त्यावर ब्रोमीनची अभिक्रिया घडवायची आणि वलयावरच्या एका हायड्रोजनची जागा ब्रोमीनला द्यायची. मिथाइलच्या शेजारची जागा ऑर्थो, तिच्या पलीकडची मेटा आणि थेट समोरची पॅरा. त्यामुळे वलयावर ब्रोमीन असलेले तीन समघटक, म्हणजे तेच अणू पण निराळी जोडणी असलेली संयुगे, संभवतात. प्रत्यक्षात पॅरा सर्वांत जास्त, त्याखालोखाल ऑर्थो आणि मेटा नावापुरते, असे मिश्रण हाती येते. विद्यार्थ्यांनी तो द्रव धुऊन सुकवायचा होता; उरलेले टोल्युइन काढून टाकून पॅरा समघटक वेगळा करण्याचे काम पुढच्या तासासाठी ठेवले होते.

सात कार्बन, सात हायड्रोजन आणि एक ब्रोमीन एवढ्या अणूंतून, बेन्झीनचे वलय शाबूत ठेवून, किती संयुगे तयार होतात, असा प्रश्न मी प्रयोगाआधी फळ्यावर लिहिला होता. जवळजवळ सगळ्यांनी ‘तीन’ असे उत्तर दिले. मीही त्या वेळी ते दुरुस्त केले नाही. तास सुरू व्हायचा होता. खरे उत्तर चार आहे, आणि तो चौथा दुसऱ्या दिवशी बाटलीतून बाहेर आला.

पहिले तीन संशयित

डोळे चुरचुरल्यावर मुलांनी पहिला संशय घेतला तो उरलेल्या ब्रोमीनवर. ब्रोमीन डोळ्यांना आणि घशाला लागतेच. परंतु बाटलीतला द्रव जवळपास रंगहीन होता, आणि ब्रोमीनचा अंशही उरला असता तर पिवळसर छटा दिसली असती. तरी खात्रीसाठी तो सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणाने पुन्हा धुतला; बाटली पूर्वीइतकीच झोंबत राहिली. दुसरा संशय हायड्रोजन ब्रोमाइडवर होता. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बुडबुडे आले नाहीत, त्यामुळे तोही सुटला.

तिसरा संशयित मला अधिक गंभीर वाटला. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत काचसामान लवकर वाळावे म्हणून शेवटी ॲसिटोनने खळबळून घेण्याची पद्धत आहे. शंकुपात्रात ॲसिटोनचे काही थेंब राहिले आणि त्यावर ब्रोमीन पडले, तर ब्रोमोॲसिटोन तयार होते, आणि ते स्वतःच जबरदस्त अश्रुकारक आहे. ज्या प्रयोगात ब्रोमीन वापरायचे त्याच्या काचसामानाला ॲसिटोन लावू नये, हे मी दर वर्षी सांगते. दर वर्षी कोणीतरी लावतेच. झोंबणारी बाटली ज्या तुकडीची होती तिच्यातल्या एका मुलाने मान खाली घालून कबूल केले, “मॅडम, मी धुतलं होतं ॲसिटोननं, पण नीट वाळवलं होतं.”

इथेच तपास थांबवून सगळा दोष ॲसिटोनच्या माथी मारता आला असता. पण त्या दुपारची एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली होती. या तुकडीचा रंग दुसऱ्या तुकडीच्या आधी, आणि बराच आधी, गेला होता. ‘आमचं झालं’ म्हणून ही मुले खुशीत हात धुऊन मोकळी झाली, तेव्हा दुसरी तुकडी अजून लिटमस धरून बसली होती. काही थेंब ॲसिटोन सगळे ब्रोमीन संपवू शकत नाही. एवढे ब्रोमीन गेले कुठे?

न फोडलेली पुडी

जर्नल पाहिले. ‘उत्प्रेरक : लोखंडाचा कीस’ अशी स्पष्ट नोंद होती, आणि तीही सुवाच्य. पण जर्नलमधली कृती मुले आदल्या रात्रीच घरून उतरवून आणतात हे पुण्यातल्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. त्यामुळे ती नोंद ‘काय करायला हवे होते’ एवढेच सांगत होती. ‘काय केले’ हे सांगितले ते आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी. टेबल आवरताना त्यांनी कागदाची घडी पुढे केली आणि म्हणाले, “मॅडम, दुसऱ्या टेबलाची किसाची पुडी तर तशीच आहे. फोडलेलीच नाही.”

मग सगळे बाहेर आले. पुडी हाताशी सापडेना, म्हणून ‘कीस नंतर घालू’ असे ठरवून मुलांनी ब्रोमीन आधी थेंबथेंब सोडले. ॲल्युमिनियम फॉइलचा रोल पहिल्या तुकडीनेच संपवला होता, त्यामुळे यांचे शंकुपात्र उघडेच राहिले. शिवाय ज्या जुन्या फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, ते ठेवले होते, त्याची काच पश्चिमेच्या खिडकीला लागून आहे आणि ऑक्टोबरात दुपारी तीननंतर तिथे ऊन थेट आत येते. कीस घालण्यापूर्वीच रंग उडू लागला. अभिक्रिया होतेच आहे, मग लोखंड कशाला, असा मुलांचा समज झाला. मी त्यांच्या जागी असते आणि विसाव्या वर्षी असते, तर मीही तेच म्हटले असते.

रंग जातो, पण कुठे जातो

विद्यार्थ्यांची मूळ चूक समजून घ्यायची तर बेन्झीनच्या रचनेपाशी जावे लागते. बेन्झीन १८२५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूच्या नळकांड्यांत साठलेल्या तेलकट द्रवातून वेगळे केले. सहा कार्बनांचे वलय आणि आलटून पालटून एकेरी व दुहेरी बंध ही रचना ऑगस्ट केक्यूले यांनी १८६५ मध्ये मांडली, आणि कागदावर आपण आजही ती तशीच काढतो. ते चित्र पाहून कोणालाही वाटेल की तीन दुहेरी बंध आहेत, म्हणजे ब्रोमीन तिथे सहज चिकटेल. सायक्लोहेक्झीनमध्ये ब्रोमीनचा थेंब टाकला की रंग क्षणात जातो, लिटमस मात्र निळाच राहतो, कारण तिथे ब्रोमीनचे दोन्ही अणू रेणूत सामावले जातात. बाहेर काहीच पडत नाही. बेन्झीनचे तसे होत नाही. वलयातले सहाही बंध सारखेच असतात, प्रत्येकाची लांबी सुमारे १.३९ ॲंगस्ट्रॉम, म्हणजे एकेरी बंधाच्या १.५४ आणि दुहेरी बंधाच्या १.३४ या दोहोंच्या मधली. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये हेक्झामिथाइलबेन्झीनच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून हे वलय सपाट आणि नियमित षटकोनी असल्याचे दाखवले.

या सारखेपणाची किंमत ऊर्जेत मोजता येते. सायक्लोहेक्झीनमधल्या एका दुहेरी बंधात हायड्रोजन घालताना मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. त्या हिशेबाने तीन बंधांच्या बेन्झीनमधून ३६० बाहेर पडायला हवी. प्रत्यक्षात पडते सुमारे २०८. मधले दीडशे किलोज्यूल म्हणजे वलयाने सहा पाय-इलेक्ट्रॉन सर्वांत वाटून घेऊन साधलेले स्थैर्य, आणि ते गमावायला वलय सहसा राजी नसते. म्हणून ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन समावेशन टाळतात आणि प्रतियोजन पत्करतात : ब्रोमीन आत येते, हायड्रोजन बाहेर जातो, वलय पूर्ववत होते आणि सुटलेल्या हायड्रोजन ब्रोमाइडने लिटमस तांबडा होतो.

दोन्ही तुकड्यांचा लिटमस तांबडा झाला होता. म्हणजे दोन्हीकडे प्रतियोजन झाले, हे नक्की. पण प्रतियोजन कुठल्या हायड्रोजनचे झाले, यावर लिटमस काहीच सांगत नाही. टोल्युइनमध्ये दोन प्रकारचे हायड्रोजन आहेत, पाच वलयावर आणि तीन मिथाइलवर, आणि हे दोन्ही प्रकार ब्रोमीनला पूर्णपणे वेगळ्या वाटेने भेटतात.

पहिली वाट लोखंडाची. लोखंड ब्रोमीनशी संयोग पावून फेरिक ब्रोमाइड होते, ते दुसऱ्या ब्रोमीन रेणूच्या एका टोकाला ओढून धरते आणि त्याचे दुसरे टोक इलेक्ट्रॉनांना भुकेले होते. असे इलेक्ट्रॉनस्नेही टोक वलयाच्या इलेक्ट्रॉनांवर येऊन बसले की वलयावर काही काळ धनप्रभार येतो. ब्रोमीन ऑर्थो किंवा पॅरा जागी बसले, तर तो धनप्रभार ज्या कार्बनांवर वाटला जातो, त्यांत मिथाइल धारण करणारा कार्बन असतो आणि मिथाइल त्याला आधार देतो. मेटा जागी बसले तर हा आधार मिळत नाही. मिथाइलचा हा आधार केवढा, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो : ॲसेटिक आम्लात केलेल्या ब्रोमीकरणात टोल्युइन बेन्झीनच्या सुमारे ६०० पट वेगाने अभिक्रिया करते.

दुसरी वाट उन्हाची. तिथे ना धनप्रभार, ना लोखंड. ब्रोमीनच्या रेणूतला बंध मोलमागे जेमतेम १९३ किलोज्यूलचा आहे, आणि ब्रोमीन तांबूस दिसते याचाच अर्थ ते निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते; त्या प्रकाशात हा बंध तोडण्याइतकी ऊर्जा सहज असते. ‘मॅडम, खिडकीच्या काचेतून अतिनील किरण येतच नाहीत ना?’ असा एकाचा आक्षेप होता. त्यांतले कमी तरंगलांबीचे बव्हंशी येत नाहीत हे खरे, पण या कामाला अतिनील किरण लागतही नाहीत. तुटलेला ब्रोमीनचा अणू, म्हणजे मुक्त मूलक, जिथे स्वस्तात मिळेल तिथून हायड्रोजन उचलतो. मिथाइलवरचा हायड्रोजन काढायला सुमारे ३७५ किलोज्यूल लागतात, आणि हायड्रोजन ब्रोमाइड तयार होताना ३६६ परत मिळतात. व्यवहार जवळजवळ बरोबरीत सुटतो. वलयावरचा हायड्रोजन काढायला सुमारे ४७२ लागतात, म्हणजे शंभराहून अधिक किलोज्यूलची खोट. ब्रोमीनचा अणू तिकडे फिरकतही नाही. मिथाइलवर उरलेला एकटा इलेक्ट्रॉन वलयात पसरून निवांत होतो, दुसऱ्या ब्रोमीन रेणूकडून एक अणू घेतो आणि साखळी पुढे चालू राहते.

जर्मन विद्यार्थी या दोन वाटा अक्षरांवरून पाठ करतात : थंडी, उत्प्रेरक आणि गाभा हे तिन्ही त्यांच्या भाषेत ‘क’ने सुरू होतात, तर ऊन, उकळती उष्णता आणि बाजूची साखळी हे तिन्ही ‘झ’ने. मराठीत असा जुळणारा अनुप्रास मला आजवर सापडलेला नाही. कोणाला सुचला तर हवा आहे.

बाटलीतले बेन्झिल ब्रोमाइड

उन्हाच्या वाटेने तयार होते ते बेन्झिल ब्रोमाइड. पहिल्या महायुद्धात ते आणि त्याचे सख्खे भावंड झायलिल ब्रोमाइड अश्रुधूर म्हणून वापरले गेले. जानेवारी १९१५ मध्ये आजच्या पोलंडमधील बोलिमूव्ह येथे जर्मनांनी झायलिल ब्रोमाइडचे तोफगोळे टाकले, पण कडाक्याच्या थंडीत द्रवाची वाफच नीट झाली नाही आणि मारा वाया गेला. आमच्या प्रयोगशाळेत ऑक्टोबरची उष्णता होती, त्यामुळे वाफ होण्यात कसलीच अडचण आली नाही.

हा अंदाज झाला. तो सिद्ध करणे बाकी होते. एका विद्यार्थिनीने नमुना पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी चुंबकीय अनुस्पंदनासाठी, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कशाशेजारी आहेत हे दाखवणाऱ्या चाचणीसाठी, पाठवावा, असे सुचवले. उत्तर एका आलेखात मिळाले असते : मिथाइलच्या तीन हायड्रोजनांची रेघ २.३ पीपीएमच्या आसपास, तर ब्रोमीनशेजारच्या दोन हायड्रोजनांची ४.५ च्या आसपास. पण जे हाताशी असलेल्या तीन परीक्षानळ्यांत कळते, त्यासाठी पाषाण गाठायची गरज नव्हती. पुढचे सगळे काम चालू फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मे लावून, थोड्या थेंबांवर केले.

तांब्याची तार तापवून दोन्ही द्रवांत बुडवली आणि ज्योतीत धरली. दोन्हींची ज्योत हिरवी झाली. ब्रोमीन दोन्हींत होते, एवढेच यातून कळले. मग दोन्ही द्रव पुन्हा धुतले आणि शेवटच्या धुवणात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिले, कारण सुटे हायड्रोजन ब्रोमाइड मागे राहिले असते तर पुढची कसोटी फसवी ठरली असती. त्यानंतर अल्कोहोलमधील सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण दोन नळ्यांत घेऊन एकेक थेंब सोडला. झोंबणाऱ्या बाटलीच्या नळीत थेंब पडताक्षणी सायीच्या रंगाचा अवक्षेप आला. दुसरी नळी स्वच्छ राहिली. कोमट पाण्यात धरली तरी स्वच्छच.

या फरकात डोळ्यांच्या पाण्याचेही कारण आहे. वलयाला जोडलेले ब्रोमीन घट्ट बसलेले असते, त्याला चांदी काढू शकत नाही आणि डोळाही नाही. वलयाबाहेरच्या पहिल्या कार्बनावरचे ब्रोमीन मात्र निघायला टपलेले असते, कारण ते निघाल्यावर मागे उरणारा धनप्रभार वलय सांभाळून घेते. असा रेणू डोळ्याच्या पृष्ठभागाशी पोहोचला की तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवरील प्रथिनांना तो जोडला जातो, आणि डोळा पाणी काढू लागतो. ‘ब्रोमोटोल्युइन’ या एका शब्दाखाली असे दोन अगदी भिन्न स्वभाव लपले होते.

परंतु ॲसिटोनवाला मुलगा गप्प बसला नाही, आणि ते बरेच झाले. “मॅडम, ब्रोमोॲसिटोन असतं तरी झोंबलं असतंच, चांदीशी तेही काहीतरी करेलच की.” प्रश्न रास्त होता. म्हणून अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेटने दोन्ही द्रवांचे ऑक्सिडीकरण केले. वलयाला लागून असलेली कार्बनची साखळी या अभिक्रियेत कार्बोक्झिलिक आम्ल होते, आणि वलयावरचे ब्रोमीन जागचे हलत नाही. झोंबणाऱ्या बाटलीतून पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक आले. गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक करून त्यांचा द्रवणांक घेतला, तो १२२ अंशांच्या आसपास भरला आणि सोडियम-कसोटीत त्यांत ब्रोमीन आढळले नाही : बेन्झोइक आम्ल. दुसऱ्या बाटलीच्या आम्लात ब्रोमीन होते, आणि अनेकदा स्फटिक केल्यावर त्याचा द्रवणांक २५० अंशांच्या वर गेला, जसा पॅरा-ब्रोमोबेन्झोइक आम्लाचा असतो.

मी ‘झाले’ म्हणणार, तोच त्याच मुलाने पुन्हा हात वर केला : दोन्ही बाटल्यांत न संपलेले टोल्युइन आहेच, आणि टोल्युइनपासूनही बेन्झोइक आम्लच मिळते. हा आक्षेप मला आधी सुचायला हवा होता. या कसोटीने वलयावर ब्रोमीन नाही एवढेच सिद्ध झाले होते. ते मिथाइलवर आहे की ॲसिटोनवर, हा प्रश्न तसाच उभा होता.

निकाल लागला तो ऊर्ध्वपातनात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पुस्तकातले उत्कलनांक इथे दोन-तीन अंशांनी कमी भरतात, आणि हे विसरणारा विद्यार्थी दर वर्षी तापमापीला दोष देतो. तापमापी १०८ अंशांवर स्थिरावली. पुस्तकात टोल्युइन ११०.६ ला उकळते. ते संपल्यावर पारा चढत राहिला. ब्रोमोॲसिटोन १३७ च्या सुमारास उकळते. तिथे काहीही थांबले नाही. ऑर्थो आणि पॅरा समघटक १८१ ते १८४ मध्ये उकळतात. तिथे किंचित रेंगाळल्यासारखे वाटले, पण थेंब पडले नाहीत. १९५ ला पारा थांबला आणि थेंब पडू लागले. बेन्झिल ब्रोमाइडचा पुस्तकी उत्कलनांक १९८ आहे. ॲसिटोन निर्दोष सुटला, निदान या खटल्यापुरता.

याखेरीज तीन परीक्षानळ्यांत मूळ प्रसंग पुन्हा उभा केला : एकीत कीस आणि फॉइल, दुसरीत कीस नाही पण खिडकीचे ऊन, तिसरीत कीसही नाही आणि ऊनही नाही. पहिल्या दोन्हींचा रंग गेला. तिसरी कपाटात ठेवली होती. दुसऱ्या दिवशीही ती तशीच तांबूस होती.

नावाचा दोष

लेबल लिहिणाऱ्या मुलीने आपली बाजू अभ्यास करून मांडली. जुन्या कॅटलॉगमध्ये बेन्झिल ब्रोमाइडला ‘आल्फा-ब्रोमोटोल्युइन’ असेही नाव दिलेले असते, तेव्हा ‘ब्रोमोटोल्युइन’ हे लेबल दोन्ही बाटल्यांना चुकीचे नव्हते, असे तिचे म्हणणे. ते बरोबरच आहे, आणि तिथेच खरी गोम आहे. जे नाव चारही समघटकांना लागू पडते, त्यावरून बाटलीत काय आहे ते कळत नाही. वलयावरच्या जागांना ऑर्थो, मेटा, पॅरा किंवा आकडे, आणि बाजूच्या साखळीतल्या पहिल्या कार्बनाला आल्फा, अशी ही जुनी व्यवस्था आहे. तिच्यातले पहिले अक्षर गाळले की नावाचा उपयोगच संपतो.

पद्धतशीर नावे या बाबतीत अधिक काटेकोर आहेत, पण त्यांतही एक खाच आहे. पॅरा समघटक म्हणजे १-ब्रोमो-४-मिथाइलबेन्झीन : वर्णक्रमाने ब्रोमो आधी, मिथाइल नंतर. बेन्झिल ब्रोमाइड म्हणजे (ब्रोमोमिथाइल)बेन्झीन. इथला कंस शोभेचा नाही. ब्रोमीन मिथाइलवर आहे आणि ती जोडगोळी वलयावर आहे, हे तो कंसच सांगतो. घाईत कंस गाळून ‘ब्रोमोमिथाइलबेन्झीन’ लिहिले की पुन्हा तोच घोळ : ब्रोमीन मिथाइलवर की मिथाइलशेजारी? मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी या कंसाचा अर्धा गुण कापत असे, तेव्हा मलाही ते थोडे खडूस वाटे. आता वाटत नाही.

एक अवांतर. या सगळ्या कुळाची नावे आली आहेत सुगंधी राळांवरून. टोल्युइन हे कोलंबियातील टोलू गावच्या बाल्समवरून, आणि बेन्झीन हे बेन्झोइनवरून, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत ज्याची धुरी देतात आणि मंडईजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानांत जो आजही सुटा मिळतो, त्या उदावरून. ‘लुबान जावी’ या त्याच्या अरबी नावाचा युरोपीय तोंडी अपभ्रंश होत होत बेन्झोइन झाला, त्यातून निघालेले आम्ल ते बेन्झोइक, आणि त्या आम्लावरून बेन्झीन. आमच्या तपासात बाटलीतून निघालेले पांढरे स्फटिक म्हणजे याच उदातले आम्ल, हे सांगितल्यावर डोळे चोळून दमलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले.

पुढे काय केले

झोंबणारा द्रव अल्कोहोलमिश्रित अमोनियाच्या द्रावणात फ्यूम हूडमध्येच निकामी केला आणि काचसामानही त्याच द्रावणात रात्रभर ठेवले. ॲसिटोनची बाटली ब्रोमीनच्या टेबलांपासून उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. जर्नलमध्ये कृतीशेजारी एक रिकामा स्तंभ आखून घेतला, ‘प्रत्यक्ष केले, वेळ’ असा, आणि तो घरून भरून आणता येत नाही. पश्चिमेच्या खिडकीला मामांनी जुन्या पडद्याचे काळे कापड लावले. त्या तुकडीतली दोन मुले पुढे कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी शोधणार होती. पिंपावरच्या लेबलात एक अक्षर कमी असेल तर तिथे काय होऊ शकते, याची चर्चा त्यांनीच वर्गात घडवून आणली, आणि ती माझ्या व्याख्यानापेक्षा लांबली.

पहिल्या तुकडीची बाटली शिल्लक होती. तिच्यातले टोल्युइन काढून उरलेला द्रव बर्फात ठेवला, सुटलेले स्फटिक गाळून ऑर्थोचा अंश दाबून काढला, आणि हे तीनदा केले. शुद्ध पॅरा समघटक २८ अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे पुण्याच्या ऑक्टोबरात तोही दुपारी द्रवच होता आणि विद्यार्थ्यांना तो शुद्ध झाला यावर विश्वास बसेना. नवे लेबल त्याच मुलीने लिहिले : ‘१-ब्रोमो-४-मिथाइलबेन्झीन, लोहकीस, अंधार, ऑर्थोचा अंश शक्य’, खाली तारीख. डिसेंबरात एका गार सकाळी तिने ती बाटली कपाटातून काढून माझ्यासमोर उलटी धरली. आतला ऐवज थंडीतल्या तुपासारखा पांढरा घट्ट झाला होता. बुडाला चिकटून राहिला होता आणि एक थेंबही हलला नाही.